निळ्या घरातली क्लॅरिनेट

१४ जानेवारी

बोट बंद. ईशान्येचा वारा सुटला की बोट बंद, हे इथल्या मांजरांनाही कळतं. आमच्या युरानीला नाही! पहाटेच्या बसने जाऊन धक्क्यावर उभी. पलीकडे माल्टाला, राहण्याच्या परवान्याच्या कचेरीत, तिला आजची वेळ दिली होती म्हणे. दुपारी चिंब भिजून परत आली आणि दारातूनच माझ्यावर —

“पण मिस, त्यांनी मला आजचीच वेळ दिलीय!”

“मग ती वेळ वाऱ्याला दाखव. बघू ऐकतो का.”

 मग सूपमध्ये पाव कुस्करून दोन वाडगे संपवले. रडली मात्र नाही. गेल्या वर्षीचा तो तुर्की मुलगा बोट चुकली म्हणून माझ्या स्वयंपाकघरात ढसाढसा रडला होता.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून वरची खोली परदेशी विद्यार्थ्यांना देते. म्हटलं, आता शिकवणं संपलं. कसलं संपतंय! दर वर्षी नवा चेहरा आणि पहिला धडा तोच — हे गोझो आहे. हे बेट आहे. इथे तुमच्या मनासारखं काही होणार नाही.

१७ जानेवारी

औषधाच्या दुकानात युरानीने काय घेतलं, ते मला मागच्या गल्लीतल्या चेंसाने सांगितलं. युरानी तेव्हा अजून दुकानातच होती.

२५ जानेवारी

आज जेवताना तक्रारींचा पाढा. भिंतींना ओल. कपडे वाळत नाहीत, वाळले तर मिठाने कडक होतात. दुपारी सगळी दुकानं बंद. शेवटची बस आपल्याला बघून पळ काढते. आणि कुठल्याही दिशेने चालत निघावं तर लगेच समुद्र!

“मिस, आमच्याकडे कोलंबियात डोंगर आहेत. डोंगरापलीकडचं दिसत नाही, म्हणून बरं वाटतं. इथे मला सगळं दिसतं. आणि सगळ्यांना मी दिसते.”

“मग केस विंचरून बाहेर पडत जा.”

हसली. पण वाळली आहे पोर. वर्गातल्या इथल्या मुली सुटीत आपापल्या मावश्या-आत्यांकडे जेवायला जातात, ही बसथांब्यावर उभ्या उभ्या चीजच्या खुसखुशीत पास्टित्सी खाते. काम मागायला जावं तर परवाना विचारतात. परवाना मागायला जावं तर पत्ता विचारतात. पत्ता म्हणजे माझं घर. खोली सुटली की पत्ता गेला, पत्ता गेला की परवाना, परवाना गेला की नर्सिंगची परीक्षा. जूनअखेर आहे परीक्षा. नर्स होऊनच परत येईन, असं आईला सांगून निघालेली. मी ऑक्टोबरातच सांगून टाकलंय — परीक्षा होईपर्यंत खोली तुझी. त्यात बदल नाही.

क्लॅरिनेट घेऊन आलीय घरून. संध्याकाळी अर्धा तास वाजवू का, म्हणाली. वाजव, म्हटलं. खिडकी लावून.

३ फेब्रुवारी

चेंसा धावत आली. हाताला कणीक तशीच.

“मिस! तुमची कोलंबियावाली सांता बार्बराच्या क्लबात शिरली!”

“काही विचारायला गेली असेल.”

“पेटी घेऊन गेली, मिस! क्लॅरिनेटची! आतून आवाज येतोय. आणि छान वाजवतेय हो मेली!”

मी खुर्चीत बसले. आज एवढंच.

४ फेब्रुवारी

सगळं सांगितलं होतं मी तिला, आली त्याच दिवशी! टाकीतलं पाणी जपून. कचरा कुठल्या वारी बाहेर. आतले कपडे रस्त्याच्या बाजूला वाळत घालायचे नाहीत. चर्चमध्ये खांदे उघडे नकोत. पण हे नाही सांगितलं. कसं सांगणार? समुद्र खारा आहे, हे कोणी कोणाला सांगतं का?

गावाला संत दोन, म्हणून बँड दोन. सान निकोलाचा निळा, सांता बार्बराचा लाल. ज्या घरात जन्मलो, त्याचा रंग तो आपला. माणसं पक्ष बदलतात, देश बदलतात, ऑस्ट्रेलियात जाऊन मरतात — रंग तोच. आजोबांनी सान निकोलाची मूर्ती खांद्यावर वाहिली. वडील निळ्यांत ट्रम्पेट वाजवायचे. माझा धाकटा भाऊ विस्तीन आज निळ्यांच्या क्लबाचा अध्यक्ष. चौकातलं हे घर त्याचं आणि माझं, वाटणी न केलेलं. तो बायकोच्या घरी राहतो, मी इथे. पण उत्सवाचा निळा झेंडा आमच्याच गच्चीवर चढतो. आणि त्याच गच्चीखालून निघाली ही पेटी घेऊन, तडक लालांच्या दारात!

मी सरळ विचारलं.

“गावाचा बँड आहे ना, मिस? आमच्याकडे कोणी वाजवणारा आलाय कळलं तर घरी येऊन घेऊन जातात.”

“गावाला दोन बँड आहेत.”

“हो का? मी जवळच्यात गेले.”

जवळच्यात!

उद्यापासून बंद, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात म्हणाली, “त्यांच्या सुरमास्तना शब्द दिलाय. जुलैतल्या उत्सवापर्यंत वाजवीन म्हणून. त्यांचे क्लॅरिनेटवाले परदेशी गेले ना. माझा हात धरून म्हणाले, तुला सांता बार्बरानेच पाठवलं.”

फोर्तुनातचं काय! लालांचा सुरमास्त, म्हणजे बँडमास्तर तो. त्याला पाऊससुद्धा सांता बार्बराच पाठवते.

पण शब्द दिला म्हणाली. मग माझं तोंड बंद. सबंध आयुष्य फळ्यासमोर उभं राहून हेच तर शिकवलं पोरांना — बोलण्याआधी विचार कर, बोललास की पाळ. मुकाट्याने बटाटे सोलले. निम्मे सालाबरोबर गेले.

९ फेब्रुवारी

विस्तीन आला. बसला नाही.

“सालवी, खरं का हे?”

“क्लॅरिनेटचं ना? खरं.”

“साप पोसतेस घरात.”

“ह्या बेटावरच्या सापांना विष नसतं. पहिलीतल्या पोराला विचार.”

“क्लबात हसतात लोक मला! काल तो पाओलू सगळ्यांसमोर म्हणतो — काय अध्यक्ष, तुमच्या घरी तालीम कोणाची? त्यांची की आपली?”

“सांग त्याला, त्यांची. अर्धा तास, खिडकी लावून.”

“चेष्टा पुरे! आमच्याकडे वाजव म्हणावं तिला. आम्हालाही क्लॅरिनेटवाले हवेच आहेत.”

“तिने शब्द दिलाय.”

“परक्या पोरीच्या शब्दाला किती धरायचं? उत्सव झाला की विमानात बसेल.”

“म्हणून उत्सव होईपर्यंत धरायचं.”

दार आपटून गेला. पुन्हा आला. टोपी विसरला होता. काढून दिली.

२ मार्च

युरानीला वृद्धाश्रमात नर्सिंगच्या शिक्षणाचं प्रत्यक्ष काम लागलंय. तिथेही तेच! नान्नू जान्नी, म्हणजे जान्नीआजोबा, नव्वदीचा निळा, खाटेवर उठून बसला —

“लालांच्या हातची गोळी? मरेन पण घेणार नाही!”

“नान्नू, गोळी पांढरी आहे,” ही म्हणाली.

“पाणी कोणी ओतलं?”

तिथल्या मोठ्या सिस्टरने हिला बायकांच्या बाजूला पाठवलं. तर तिथे एक म्हातारी, पोटच्या मुलीला ओळखत नाही, पण हिच्याच हातून जेवते. क्लॅरिनेटची पोरगी आली का, म्हणून वाट बघते. अर्थात लाल.

युरानी हे सांगताना हसत होती. मग हसणं थांबलं. “मिस, मी आजारी माणसं बघायला शिकतेय. ह्यांचे रंग मी कुठे शिकू?”

मी तिला ताटं विसळायला सांगितली.

११ मार्च

पेटी घेऊन स्वयंपाकघरात आली. पेटी टेबलावर ठेवली, प्रेत ठेवावं तशी.

“मी आज सुरमास्तना सांगणार आहे. सोडते बँड. तुमचे भाऊ चर्चच्या दारात तुमच्याशी बोलत नाहीत. चेंसाच्या नवऱ्याने तुम्हाला अंडी देणं बंद केलं. माझ्यामुळे.”

“अंडी दुकानात मिळतात.”

“मिस, मी गंभीरपणे बोलतेय.”

“मीही. शब्द कोणाला दिलास?”

“त्यांना.”

“किती दिवसांचा?”

“जुलैतल्या उत्सवापर्यंतचा.”

“जुलै आला?”

“नाही.”

“मग उचल ती पेटी. जेवणाच्या टेबलावर ठेवतात का?”

उचलली. जिन्यात थांबून काहीतरी पुटपुटली, स्पॅनिशमध्ये. आभार असतील, नाहीतर शिवी. मी विचारलं नाही.

निळ्या घरात बसून मी लालांच्या बँडची क्लॅरिनेट वाचवली! आई वरून बघत असेल तर डोक्याला हात लावून बसली असेल.

१२ मार्च

खिडकी लावायची गरज नाही, असं तिला सांगितलं. उकडतं.

(उकडत नाही. मार्च आहे.)

ईस्टरचा दिवस

विस्तीनकडून दर वर्षी बदामाची फिगोल्ला येते. यंदा आली नाही. फोर्तुनातकडून आली — माशाच्या आकाराची, वर लालभडक साखर. इतक्या वर्षांत त्या घरातून ह्या घरात पहिली वस्तू.

खाल्ली. टाकून कशाला द्यायची? बदाम जरा कडू होते. लालांचे बदाम कडूच असणार.

२८ एप्रिल

लालांची पहिली मिरवणूक. आमच्या दारावरून जाते. अशा वेळी निळ्यांनी काय करायचं ते ठरलेलं — दारं-खिडक्या लावायच्या, आणि रस्त्यात सापडलो तर बँडकडे पाठ करून उभं राहायचं, तो पुढे जाईपर्यंत. लहानपणी वडील माझे खांदे धरून मला भिंतीकडे वळवायचे. गावातली भिंत न् भिंत मला अशीच पाठ झाली.

आज पाव घेऊन परत येत होते. चौकाच्या कोपऱ्यावर गाठलंच त्यांनी. आजूबाजूला आमचीच माणसं. सगळ्यांच्या पाठी फिरल्या. माझी नाही फिरली.

कारण साधं होतं. सकाळी युरानीच्या बँडच्या गणवेशाच्या गळ्याचं बटण निघालं होतं, मी घाईघाईत शिवून दिलं. दोरा पुरेसा घेतला होता की नाही, ही शंका. फुंकताना गळा फुगतो! बटण उडालं तर भर रस्त्यात शोभा. म्हणून बघत राहिले. बटण टिकलं.

पण बँड पुढे गेला तरी मी बघतच होते. तिच्या वाट्याला एकटीने वाजवायचा तुकडा होता. वळणावरून ऐकू येत होता. किती लांब सूर धरते! एवढासा जीव.

वळून पाहते तर निळ्यांची तोंडं पुन्हा रस्त्याकडे वळलेली, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. चेंसाचा नवरा, पाओलू, पाओलूची बायको.

“मिस,” पाओलू म्हणाला, “मान अवघडली का?”

“बटण बघत होते,” मी म्हटलं. खरं तेच सांगितलं. कोणालाच पटलं नाही.

५ मे

विस्तीन. ह्या वेळी बसला. बसला म्हणजे काम गंभीर.

“तू वळली नाहीस.”

“नाही.”

“अध्यक्षाची सख्खी बहीण! कमिटीने मला समोर उभं केलं, सालवी. माझ्याच खुर्चीसमोर. जूनच्या पहिल्या रविवारी आपला झेंडा चढतो. त्यांचं म्हणणं, लालांची पोर खाली झोपते त्या गच्चीवर सान निकोलाचा झेंडा चढणार नाही.”

“नको चढवू. चर्चसमोर नोटरीचं घर आहे, त्याच्यावर चढव.”

“आजोबांपासून इथे चढतो!”  खोटं नव्हतं ते. लहानपणी झेंड्याची दोरी धरायला मिळाली नाही तर जेवायचा नाही. मी पाहिलंय.

“झेंडा लाव ना, विस्तीन. मी कुठे अडवते? पोर तिच्या खोलीत, झेंडा गच्चीवर. एकमेकांना चावणार नाहीत.”

“दोन्ही नाही होणार. घर माझंही आहे. झेंडा चढेल त्याआधी ती बाहेर.”

“तिची परीक्षा जूनअखेर आहे. खोली गेली तर परीक्षा गेली. मी तिला परीक्षा होईपर्यंतचं सांगितलंय.”

“तू तिला सांगितलंस. मला कोणी विचारलं?”

ह्यात तथ्य आहे. दर वर्षी खोली मी देते, त्याला कधी विचारलं नाही. तसं म्हटलंही. पण सांगितलं ते सांगितलं.

“दुसरी खोली बघ तिला,” तो म्हणाला. “बेटावर काय खोल्या कमी आहेत?”

१९ मे

खोल्या कमी आहेत का! दोन आठवडे हिंडतेय युरानीला घेऊन. पायांचे तुकडे पडले. काय काय ऐकलं —

“आता? उन्हाळ्यात? मिस, आता पर्यटक! ऑक्टोबरात या.”

“तुमच्याकडे बघून दिली असती. पण विस्तीनशी वाकडं कोण घेणार?” (निळे)

“क्लॅरिनेट आमची, पण पोर तुमच्या घरची. उद्या तुमचे म्हणतील, पळवली. आमच्या काचा फुटतील.” (लाल. म्हणजे वाजवायला हवी, झोपायला नको!)

“एक महिन्यासाठी? एका महिन्यासाठी चादरी कोण धुणार?”

फोर्तुनात बिचारा स्वतःहून आला. “क्लबाच्या वर एक खोली आहे, मिस सालवीना. बिअरची पिंपं आहेत. पण खिडकी आहे!”

“आणि परवान्याच्या कचेरीत पत्ता काय सांगायचा? पिंपांच्या डावीकडे?”

खाली मान घालून गेला. उगाच बोलले.

मला माहीत नसलेलं बेट युरानीला माहीत आहे, ते हे. मी एका दाराशी थांबले की ती बाही ओढायची. “तिथे नको मिस. ती बाई आज हो म्हणते आणि उद्या दुसऱ्याला देते.” “तिथे नको. तिथे भिंतीतून पाणी येतं.” ह्याच दारांवरून मी लहानाची मोठी झाले. ह्यातल्या निम्म्या बायकांना मी बाराखडी शिकवली. मला कधी कोणी उंबऱ्यावर उभं ठेवलं नव्हतं! आज ठेवलं. माझ्या हातात भेटीची टोपली नव्हती आणि शेजारी ती होती, म्हणून.

२४ मे

विस्तीनला निरोप पाठवला: खोली मिळत नाही, एक महिना थांब, परीक्षा होऊ दे, मी स्वतः कमिटीसमोर येऊन बोलते.

उत्तर नाही.

१ जून

 आजचं लिहिणारच.

युरानी सकाळी वृद्धाश्रमात. मी बाजारात. परत आले तर जिन्याच्या दाराला नवं कुलूप, आणि गल्लीत, भिंतीला लावून, तिचं सामान. पुस्तकं दोरीने बांधलेली. चपला कागदात गुंडाळलेल्या. वरती घड्या घातलेले कपडे आणि कपड्यांवर क्लॅरिनेटची पेटी, आडवी, मऊ जागा बघून ठेवलेली. बँडवाल्याचा मुलगा ना! माणसाला बाहेर काढेल, पण वाद्य आपटणार नाही.

तो आतच होता. गच्चीवर माणसं झेंड्याची काठी रोवत होती. हातोड्याचे आवाज.

“मी सांगितलं होतं,” तो म्हणाला. “वेळही दिली होती.”

“दिली होतीस.”

“तू ओरडत का नाहीस?”

“शाळेत कधी ओरडले का? किल्ली दे जिन्याची.”

“नाही.”

“मग ही घे.” माझी किल्ली काढून टेबलावर ठेवली. पुढच्या दाराची. “तिला परीक्षेपर्यंत छप्पर देईन असं मी म्हटलंय. हे छप्पर नसेल तर दुसरं. पण देणार मीच.”

“सालवी, तुला कोण जा म्हणतंय? तू राहा! घर तुझं आहे!”

“अर्धं.”

“डोकं ठिकाणावर आहे का? ह्या वयात? एका परक्या पोरीसाठी?”

“पोरीसाठी नाही रे. बोलले होते म्हणून.”

वरून पाओलूने हाक मारली — अध्यक्ष, दोरी कुठाय? हा तसाच उभा. दोरी जिन्याखालच्या कपाटात असते, मी सांगितलं. आणि बॅग भरायला गेले. दोन गणवेशासारखे काळे झगे, चष्मा, ही वही. बाकी काय लागतं माणसाला? पुष्कळ लागतं. पण ते नंतर आठवतं.

युरानी गल्लीच्या तोंडाशी भेटली. सामान पाहिलं, माझी बॅग पाहिली.  “मिस, नाही. नाही, नाही, नाही.”

“पुस्तकं तू उचल, जड आहेत,” मी म्हटलं. “कपडे मी घेते. आणि रडायचं असेल तर चालता चालता रड, उशीर होतोय.”

ह्या वेळी रडली.

३ जून

दोघी चेंसाकडे, तात्पुरत्या. तिचा नवरा भावाकडे झोपायला गेलाय, निषेध म्हणून. चेंसा मला आत घेऊन म्हणते, “मिस, तुम्ही हवे तितके दिवस राहा हो. तुमचं वेगळं आहे. पण ती... आठवडाभरच. समजून घ्या.”

समजलं. आयुष्यभर समजतच आले. फक्त ह्या बाजूने नव्हतं समजलं.

चौकातून आज गेले नाही. झेंडा लांबूनही दिसतो. वारा पडला होता, तो नुसता लोंबत होता.

६ जून

खोली शोधणं, आता दोघींसाठी. आणि सोपं जाईल असं मला वाटलं होतं! निवृत्त शिक्षिका, स्वच्छ, टापटीप, रोज चर्चला जाणारी. पण —

“दोघी का? तुम्ही भावाकडे जा ना परत.”

“पाहुणे आणायचे नाहीत. म्हणजे तुमचे भाऊ दाराशी येऊन तमाशा करायचे नाहीत.”

“मिस, खरं सांगू? तुमच्यासारखीला घर देणं म्हणजे गावाला दिसतं.”

तुमच्यासारखीला! मारियाना बोलली हे, जिला मी दोनदा त्याच वर्गात बसवलं. तेव्हा योग्यच केलं होतं.

बसथांब्यावर दोघी बसलो. पास्टित्सी घेतल्या, उभ्या उभ्या खाणार नाही म्हटलं, तर बाकावर बसून खाल्ल्या. झग्यावर चुरा. युरानी पुस्तक काढून हृदयाच्या झडपांची नावं पाठ करत होती. मी ऐकत होते. एक चुकली. मी सुधारली.

“मिस, तुम्हाला कसं माहीत?”

“तू रोज मोठ्याने वाचतेस. मला कान आहेत.”

मग म्हणाली, “शहरात माझ्या वर्गातल्या दोघी राहतात. एक नेपाळची, एक सर्बियाची. लहान जागा आहे. आणि त्या गोंगाट करतात. तुम्हाला चालणार नाही.”

“मला विचारलंस का?” मी म्हटलं.

९ जून

नेपाळच्या आणि सर्बियाच्या मुलींची जागा, शहरात मासळी बाजारामागे, तिसरा मजला. घरमालक माल्टाचा, तरुण, घाईत, माझ्याकडे धड बघितलंही नाही. माणसं मोजली, आणि मुलींना विचारलं —

“ह्या चौथ्या कुठल्या देशाच्या?”

मी पाठ ताठ केली, तोंड उघडलं. पण युरानी आधीच बोलून गेली. “त्या आमच्यातल्या.”

बरं, म्हणाला, आणि आणखी एक गादी आणायला खाली गेला.

मी दुरुस्त केलं नाही.